लांब धरलेली बरणी

काल डेअरीत एका अनोळखी गृहस्थांनी तुपाची बरणी उघडली. नाक आत न खुपसता त्यांनी ती हातभर लांब धरली आणि तळव्याने वारा घ्यावा तसा वास आपल्याकडे ओढला. दुकानदार हसला, "काका, तूप आहे, ॲसिड नाही!"

मी मात्र ओळखलं. प्रयोगशाळेत रसायनांचा वास असाच घ्यायला शिकवतात; हा आमच्यातला.

नोकरी सोडून एकेकट्याने सल्ल्याची कामं घेणाऱ्या केमिस्ट लोकांचा एक गट मी चालवायचो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका हॉटेलच्या माडीवर दहा-बारा जण जमायचे. कुणी रंगांतला, कुणी औषधांतला. म्हणायला ओळखी वाढवायला यायचे; खरं तर महिनाभर आपल्या विषयातलं बोलायला माणूसच भेटायचा नाही, म्हणून यायचे. कॉफी आली की सगळ्यांचे तळवे सवयीने कपांवर हलायचे. पुढे पुढे वेटरही लांबूनच तसा हात हलवून विचारायचा, "आणू?"

मग बैठका मोबाइलवर गेल्या. हजेरी वाढली, पण कॉफी ज्याची त्याच्या घरी. एका महिन्यात मी निरोप धाडायला विसरलो, आणि कुणी विचारलंही नाही. ते अजून लागतं मला.

गृहस्थांनी बरणी खाली ठेवली. मी ती उचलली, लांब धरली आणि तळवा हलवला. ते बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "कुठल्या लॅबमध्ये होतात?"

बरणी खाली ठेवून मी विचारलं, "महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोकळे असता का हो?"