चार म्हशींचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझ्या मुठी वळतात. अर्धा राग एका व्यापाऱ्यावर आहे आणि अर्धा माझ्या स्वतःवर.

तेव्हा मी कामठीच्या पलीकडे, धानपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आता शहरात, प्रताप नगरात राहतो. दुधाचा भाव वाढला की आमच्या इमारतीतले लोक दूधवाल्याला शिव्या घालतात. म्हशीने आज काय खाल्ले, हे कोणी विचारत नाही. म्हणून लिहितो आहे. नावे कुणाचीच देणार नाही.

त्या वर्षी चाऱ्याची टंचाई होती, आणि ती आभाळातून पडलेली नव्हती. धान हार्वेस्टरने कापले जाते, तणस, म्हणजे भाताचा पेंढा, चिखलात पडून राहते आणि पुढे तिथेच जाळले जाते. ज्वारी कोणी पेरत नाही, त्यामुळे कडबा दिसत नाही. सोयाबीन-तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, गोठ्याऐवजी कारखान्यांच्या भट्टीत जाते, कारण भट्टी जास्त पैसे देते. उरलेले सगळे कुटार आमच्या हद्दीत एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात होते. तो आज एक भाव सांगे, चार दिवसांनी दुसरा. लोक भाजीबाजारातला पालापाचोळा, हॉटेलातल्या शिळ्या पोळ्या, वाळवलेली संत्र्याची सालं घालून जनावरे जगवत होते. शेवटी त्याच्याच दारात जात होते.

एका दुपारी एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सहा म्हशी ती एकटी सांभाळायची आणि कामठीत घरोघरी दूध घालायची. सहापैकी चार म्हशी त्या दिवशी तोंडाला फेस येऊन, पोट फुगून, पाय झाडत मेल्या होत्या.

"कोणावर संशय आहे?" मी विचारले.

"माह्या भासऱ्यावर," ती म्हणाली. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. जुन्या वळणाच्या बाया त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत आणि त्याच्याशी थेट बोलत नाहीत. ही तर महिनाभरापूर्वी त्याच्या अंगणात जाऊन भांडून आली होती. त्याच्याकडे तणसाची गंजी होती. हिने मागितले, त्याने चारचौघांत नाही म्हटले.

तक्रार लिहून होते न होते, तोच तो चारा व्यापारी आला. सोबत त्याचा हमाल. "साहेब, मी स्वतःहून आलो. माझा माणूस सकाळी बाईकडे कुटाराची पोती टाकायला गेला होता. बाई दूध घालायला गेलेली. त्यानं भासऱ्याला मागच्या पडक्या भिंतीवरून गुरांच्या कोठ्यात उतरताना पाहिलं." हमालाने मान हलवली. मी व्यापाऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला. भांडण आहे, संधी आहे, साक्षीदार आहे. तपास माझ्या टेबलावर शिजवून वाढला होता आणि मी जेवायला बसलो.

भासऱ्याला आणले. पन्नाशीचा, वाळका, कमी बोलणारा माणूस.

"कोठ्यात गेला होतास?"

"गेलो होतो."

"काहून?"

तो गप्प. अर्धा तास गप्प. आमच्या जमादाराचा संयम संपला. "काहून गा, तोंडात दही जमवून राहिला काय?" म्हणत त्याने त्याच्या कानाखाली वाजवली. मी समोर बसलो होतो. मी थांबवले नाही. टोपीतल्या मोठ्या माणसाने न थांबवलेली थप्पड ही त्याचीच थप्पड असते, हे मला तेव्हाही माहीत होते.

अटक दाखवण्याइतका पुरावा नव्हता, म्हणून रोज बोलवायचो, बसवायचो, सोडायचो. तेवढ्याने गावाचे समाधान झाले. जनावराला विष घालणाऱ्याचे दूध कोण घेईल? दूध संकलन केंद्राच्या सचिवाने त्याची कॅन परत पाठवली. त्याच्या घरातली चूल त्या दुधावर पेटायची. तो ते दूध कामठीच्या चहाटपऱ्यांवर पडेल त्या भावात टाकू लागला. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदनात 'विषबाधेची शक्यता' लिहिले होते आणि नमुने प्रयोगशाळेत गेले होते. प्रयोगशाळा आपल्या चालीने चालते.

चौथ्या दिवशी मी पुन्हा कोठा पाहायला गेलो. खरे सांगायचे तर पहिला पंचनामा घाईत झाला होता. मेलेल्या म्हशींकडे सगळ्यांनी पाहिले, जिवंत असलेल्यांकडे कोणी नाही. त्या दोघी मागच्या पडक्या भिंतीजवळ बांधलेल्या होत्या. त्यांच्या पायाखालच्या शेणात धानाच्या तणसाच्या काड्या तुडवलेल्या दिसल्या.

"बाई, यांना तणस कधी घातलंत?"

"तणस? दोन महिने झाले साहेब, माह्या घरी तणसाची काडी नाही. कुटारच घालून राहिली मी. त्या दिवशीही तेच घातलं. चौघी तुटून पडल्या, या दोघींनी वास घेऊन तोंड फिरवलं."

मी चार काड्या उचलल्या. ठाण्यात येऊन भासऱ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि जमादाराला बाहेर पाठवले. भासऱ्याने काड्यांकडे पाहिले आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा हलला.

"साहेब, माह्या घरी सांगू नका."

"काय?"

"तणस मीच टाकत होतो. महिना झाला. ती दूध घालाले गेली का मागून उतरायचो. सहा जणींले पुरवाले माही गंजी कुठं येवढी? दोघींपुरतं टाकायचो. त्या खाऊन झाल्या का निघून यायचो."

"मग लोकांसमोर नाही काहून म्हटलं होतं?"

"बायको उभी होती ना बाजूले. आमच्या ढोरांचंच तोडून टाकून राहिलो होतो मी."

"अरे, पण चार दिवस झाले! जेलमध्ये गेला असतास."

"तुम्ही दोन-तीन वर्षं टाकसान, साहेब. बायको जिंदगीभर ऐकवन."

मला हसू आले आणि लगेच लाज वाटली. हा माणूस भावाच्या बायकोच्या म्हशी चोरून जगवत होता आणि त्याबद्दल त्याने माझ्या ठाण्यात मार खाल्ला होता.

आता सगळे सरळ दिसू लागले. ज्यांचे पोट तणसाने भरले होते त्या वाचल्या. ज्या उपाशी होत्या त्यांनी अधाशासारखे कुटार खाल्ले आणि मेल्या. विष द्यायला कोणी भिंतीवरून उतरले नव्हते. ते पोत्यातून, दारातून, पैसे मोजून आत आले होते.

बाईकडचे उरलेले अर्धे पोते डॉक्टरांसमोर उघडले. तळाशी हात घातला तर कुटार ओले आणि मध्ये पांढरे खडे. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आले. डॉक्टर म्हणाले, "युरिया आहे. उपाशी जनावराला एवढा युरिया म्हणजे तासा-दोन तासांचा खेळ."

पंच घेऊन गोदामावर गेलो. पुढे चांगला कोरडा माल, मागे पावसात भिजून काळे पडलेले ढीग. बाजूला युरियाची रिकामी पोती आणि फवारणीचा पंप. हमालाला वेगळे बसवले. तो दहा मिनिटांत बोलला: भिजलेल्या मालावर युरिया मारून त्याचीच पोती बाईकडे टाकली होती. व्यापाऱ्याची चौकशी मात्र मी स्वतः केली.

"साहेब, युरियाची प्रक्रिया तर सरकारच सांगते. चारा सुधरते."

"मोजून टाकायचा, बंद करून तीन आठवडे मुरवायचा आणि हवा लागू देऊन मग घालायचा, हेही सांगते. तू काय केलंस?"

"अंदाजानं मारला. बुरशीचा वास दबते, वजनही थोडं..."

"आणि चार म्हशी मेल्याचं कळलं तेव्हा?"

तेव्हा तो माझ्याच ठाण्यात, माझाच चहा पीत, दुसऱ्याच्या गळ्यात दोर अडकवत होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. मी गोदाम सील केले. कायद्याने ते बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फाटकावर गावातली एक म्हातारी उभी. "त्याले पकडलं, बरं केलं. पण कुलूप लावलं, आता माही ढोरं काय तुमचे कागद खातीन?" चांगला माल वेगळा करून लोकांना द्यावा म्हणून मी कोर्टात अर्ज केला. अर्जाला तारखा पडत गेल्या. व्यापाऱ्याचा जामीन त्याआधीच झाला. चाऱ्याला जामीन मिळाला नाही, तो सीलबंद गोदामात कुजला. व्यापाऱ्याने दुसऱ्या नावाने नवे गोदाम उघडले आणि ज्यांचे जबाब मी घेतले होते तेच लोक तिथे रांगेत उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही. जनावर तारखेपर्यंत थांबत नाही.

एकेक साक्षीदार कोर्टात 'आठवत नाही' म्हणू लागला. हमाल फिरला. बचावाच्या वकिलाने पुन्हा भासऱ्याचेच नाव पुढे केले. इकडे दूध केंद्राचा सचिव म्हणत होता, "कोर्टात काय होते ते पाहू, मग त्याचं दूध घेऊ." आता सगळे त्या बाईच्या साक्षीवर उभे होते. व्यापाऱ्याचा निरोप तिला पोचला होता. कुटार पाहिजे असेल तर पोते कुणाचे होते ते विसर.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. भासरा मागच्या बाकावर होता. वकिलाने विचारले, "तुमच्या तक्रारीत तुम्ही यांचंच नाव दिलं होतं ना?"

"देल्लं होतं. चुकली मी," ती म्हणाली. मग पदर सावरून, वळून, त्या भांडणानंतर पहिल्यांदा सरळ त्याच्याशीच बोलली, "तुम्ही नाही मारल्या. या माणसाच्या पोत्यानं मारल्या. मी माह्या हातानं ओतलं ते."

भासऱ्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर त्याची कॅन घेतली गेली.

या केसने मला एकच शिकवले आणि ते मी नव्या अधिकाऱ्यांना भेटेल तिथे सांगतो. टंचाईच्या दिवसांत गुन्हा घडला की भांडण कुणाचे आहे ते नंतर बघा. आधी माल कुणाच्या गोदामात आहे ते बघा. उपाशी माणसे एकमेकांवर संशय घेतात, आणि भरल्या पोटाचा माणूस त्या संशयाला साक्षीदार पुरवतो.

व्यापाऱ्याला शिक्षा झाली. निकालाची बातमी द्यायला मी त्या बाईकडे गेलो. साक्ष दिल्यापासून हद्दीत कोणी तिला कुटाराचे पोते विकले नव्हते. भासऱ्याची गंजी केव्हाच संपली होती. तिने मला पाणी दिले, शिक्षा किती झाली ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं झालं, साहेब. मागच्या बजारात त्या दोघीही विकल्या मी."