गोळा कुणाचा, कौलं कुणी घालायची

हळर्णात नारळावरून भांडण झालं की लोक आधी पंचायतीत जात नाहीत, गोकुळदासाकडे येतात. माड एकाच्या परड्यात आणि नारळ पडतो दुसऱ्याच्या घरावर, ही इथली नेहमीची कटकट. गोकुळदासाचा निवाडा ठरलेला: नारळ माडाच्या धन्यानं न्यावा, पण फुटलेली कौलं त्यानंच घालून द्यावीत. तीही गड्याच्या हाती पाठवायची नाहीत. स्वतः घेऊन यायचं, अंगणात उभं राहून ‘माड माझा’ म्हणायचं आणि मगच शिडी लावायची. भल्याभल्यांना त्यानं असं शिडीवर चढवलं, आणि त्या दिवशी स्वारीला दोन घास जास्त जायचे.

अशा माणसाच्या गोठ्यावर मे महिन्यातल्या भर दुपारी आभाळातून धातूचा एक गोळा पडला.

आवाजानं गोकुळदास धावत बाहेर आला. सवयीनं त्यानं आधी वर पाहिलं, माड कुणाचा म्हणून. वर काहीच नव्हतं, नुसतं निळं आभाळ. मग गोठ्यातून बायकोचं कण्हणं ऐकू आलं. विनोदिनी गाईला पाणी दाखवायला गेली होती. गाय सुटून पळाली, पण छपराचा वासा विनोदिनीच्या खांद्यावर आला होता.

जवळच्या मोपाच्या विमानातून पडलं म्हणून गावानं आधी विमानतळाला शिव्या घातल्या. पण चौकशीला आलेल्या लोकांनी सांगितलं की ही कुठल्याशा परदेशी रॉकेटची इंधनाची टाकी आहे, आणि देशही ठाऊक आहे. ते ऐकून गोकुळदासाच्या जिवात जीव आला. धनी सापडला म्हणजे आता येईल, अशी त्याला खात्रीच वाटली. शिडी त्यानं गोठ्याला टेकवूनसुद्धा ठेवली.

विनोदिनीचा हात गळ्यात बांधलेला. रोज सकाळी गोकुळदास तिचा अंबाडा घालायचा आणि तो दुपारपर्यंत सुटायचा. ती कुरकुर करत नसे. एकदाच म्हणाली, “कोणीतरी येवन म्हणाक व्हया, गोळो आमचो.”

आले खरे त्या देशाचे दोन साहेब, इथल्या सरकारी अधिकाऱ्यांबरोबर. त्यांनी गोळा पेटीत नीट बसवला, चहाला नको म्हटलं आणि निघून गेले. विनोदिनीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गोकुळदास शिडीपाशी उभाच राहिला.

मुलगी क्षमा पणजीला वकिलीचं शिकते. तिनं ओळखीच्या प्राध्यापकांना विचारून सगळं समजून घेतलं आणि रविवारी घरी येऊन सांगितलं. अंतराळातली वस्तू पडली तर ती धन्याला परत करायची आणि नुकसान धन्यानं भरून द्यायचं, असं देशादेशांमध्ये ठरलेलं आहे. त्या देशाचीही सही आहे. पण सही करतानाच त्यांनी एक राखीव अट घातली होती, की आमची जुनी, ताब्याबाहेर गेलेली वस्तू पडली तर भरपाईचं आम्हांला लागू नाही. बरेच देश गप्प बसले. काहींनी हरकत घेतली, त्यांत आपलाही देश होता. आता तो देश म्हणतो, घेतली असेल हरकत, आमची अट कायम.

गोकुळदास थक्क झाला. इतक्या मोठ्या देशांचा कारभार असा चालतो, हे त्याच्या पचनीच पडेना.

“सही करूची आणि आपल्याक तेवडा वगळूचा?” तो म्हणाला. “आणि हरकत घेतल्ली ती काय फुकट?”

त्याची चुलतवहिनी सुशीला विनोदिनीसाठी पेज घेऊन आली होती. बांधापलीकडेच तिचं घर. तिनं पेजेचं भांडं खाली ठेवलं.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमच्या माडाचा तसाच ना?”

नारळाचा नियम देवळात सगळ्या गावानं मिळून ठरवला होता, गोकुळदासाच्याच शब्दावर. उठता उठता त्यानं एक गोष्ट वगळायला लावली होती: बांधावरचा वाकडा माड. तो आजोबांनी लावलेला, त्याला नियम नाही. गोकुळदासाला कोण अडवणार? सगळे गप्प राहिले. तो माड जिच्या घरावर वाकला होता ती सुशीला एकटीच उठून नको म्हणाली होती. त्यावर गोकुळदास हसला, म्हणून गावही हसलं. तिच्या स्वयंपाकघरावरची निळी ताडपत्री तो रोज खिडकीतून पाहायचा आणि बाईला घर सांभाळता येत नाही असं मनाशी म्हणायचा.

सुशीलेनं विचारलं आणि त्याची नजर खिडकीतून त्या ताडपत्रीवर गेली. त्या दिवशी तो धड जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळदास डोक्यावर कौलांची टोपली घेऊन सुशीलेच्या अंगणात गेला. विनोदिनी बांधापाशी आली. शिडी लावायला गेला तर सुशीला आडवी उभी.

“आदी म्हणा,” ती म्हणाली.

सगळ्या गावाकडून त्यानं वदवून घेतलेलं वाक्य, पण त्याच्या जिभेवर येईना. शेवटी तो खाली पाहत म्हणाला, “माड माजो, वयनी.”

सुशीला बाजूला झाली आणि तिनं स्वतः शिडी धरली.

पलीकडे विनोदिनीनं ते ऐकलं आणि तिला एकदम रडू फुटलं. सुशीलेसाठी तिला बरंच वाटलं होतं. पण तिच्या स्वतःच्या अंगणात येऊन असं म्हणणारं अजून कुणी नव्हतं.