गडग्यापाशी वळणारं हँडल

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकूनही घेत नाही. कचेरीत हिशेब तपासणं हे माझं काम. बेरीज जुळली नाही तर चूक कुठेतरी असतेच, ती शोधायची... मला एवढंच कळतं. या एका प्रकारातली चूक मात्र सापडलेली नाही, म्हणून लिहितो आहे.

आमची वाडी मालवणपासून चार मैलांवर, आचऱ्याच्या वाटेला. मोडक्या सायकली जोडायचा मला नाद. जोडून झाली की कोणीतरी नेतं आणि मी पुन्हा पायी. पण मुलगी सुमन सातवी पास झाली आणि अडचण आली. हायस्कूल मालवणात, वाडीला एस.टी. नाही, सुमनला दमा. कॅरिअरवर बसवून नेली तर ती शिकणार, नाहीतर शाळा तिथेच संपली.

रस्त्याकडेला दोन सख्ख्या भावांची घरं, मध्ये चिऱ्यांचा गडगा, रस्त्यापर्यंत आलेली बुटकी दगडी भिंत. दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, आता त्यांच्या बायका बोलत नव्हत्या. दोन्ही घरांत नवऱ्याची सायकल गंजत पडलेली, एकाच कंपनीची. थोरल्या काकीने मागताच दिली. ते कळल्यावर धाकटीने गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली, "रे वसंता, तिणा दिल्यान तर माझी काय जड झाली? ही पण व्हर!"

थोरल्याच्या सायकलीचा फोर्क वाकलेला, पुढचं चाक गायब. धाकट्याच्या सायकलीची फ्रेम तडकलेली. त्या मापाचे भाग कणकवलीपर्यंत शोधले, मिळाले नाहीत. शेवटी थोरल्याच्या फ्रेमला धाकट्याचा फोर्क आणि चाक बसवलं.

वाटणीच्या वेळी दोन्ही भावांनी वाडीच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवला होता — एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूला लागली तर देवा, तूच बघून घे. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक, मलाही. पण ते जमिनीबद्दल, असं मी धरून चाललो.

पहिल्या दिवशी सकाळी सुमनला घेऊन निघालो. गडग्यासमोर आलो आणि कोणीतरी समोर उभं राहून दोन्ही मुठी पिळाव्यात तसं हँडल फिरलं. दोघंही पडलो. सुमनचं कोपर फुटलं.

घरी येऊन सगळं उतरवलं. छरे बदलले. दोरी लावून फ्रेम पाहिली, चाक फिरवून पाहिलं... सूतभरही फरक नाही. अंगणात आणि मालवणच्या बाजूच्या चढावर सायकल सरळ चालायची. गडग्यासमोर पुन्हा तेच. या वेळी समोरून चिऱ्यांची बैलगाडी येत होती. सुमनला मी कसंबसं ओढलं. गाडीचं चाक तिच्या दप्तरावरून गेलं. पाटीचे तुकडे झाले.

पडव्यांतून दोघी बघत होत्या. थोरली ओरडली, "माझ्या घोवाच्या सायकलीक तिच्या घोवाचा चाक लायलंस? मेल्या, इचारलंस कोणाक?"

"इचारूक होया होता माका!" धाकटी पलीकडून. "आमचा चाक त्या घाणीक लावूचा नव्हता!"

मी हात जोडले. म्हटलं, दोघींनी मिळून देवाला गाऱ्हाणं घाला, नवऱ्यांनी ठेवलेला नारळ उचला, पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे.

"ती पयली येवंदे," थोरली म्हणाली.

"माझी पायरी चढान तिणा येवचा," धाकटी म्हणाली.

बायको म्हणाली, "सायकल तोडून टाका. पोर गेली तर शाळा काय करायची?" सुमन कोपऱ्यात फुटक्या पाटीचे तुकडे जुळवत बसली होती. दुसरा रस्ता नव्हता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी.

मग मी एकच करू शकत होतो, ते केलं. गडगा यायच्या आधी उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, सुमनला पलीकडच्या कडेने चालवायचं. गडगा मागे पडला की पुन्हा बसायचं. रोज जाता-येता.

दोघी जावांची करमणूक झाली. "बघ गो, सायकल बसली वसंतार!" धाकटी आपल्या मुलीला सांगायची, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गडग्यापलीकडे थोरली त्याच गोष्टीला हसायची.

सुमन अकरावी पास झाली. एकदाही पुन्हा पडली नाही.

लोक म्हणतात, रस्त्याला उतार असेल, दगड असेल, चाकात दोष असेल. हे सगळं मी आधीच तपासलं होतं. आणि चाक जमिनीला लागल्यावरच हे होत असतं, तर मीही तेच म्हटलं असतं. पण ती सारी वर्षं, रोज, गडग्यासमोर सायकल माझ्या खांद्यावर असताना... चाक हवेत, हँडलला कोणाचा हात नाही... ते हळूहळू वळायचं आणि त्याची मूठ माझ्या मानेत रुतायची.