गेरूनं रंगवलेलं गाव

माझ्या धाकट्या बहिणीचा मळा माझ्यामुळे गेला. पुरानं नाही, दुष्काळानं नाही, माझ्या शहाणपणानं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. आता म्हातारपणी लिहितोय.

अमरावतीच्या कापूसबाजारात मी एका शेठच्या गादीवर कारकून होतो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. व्यापारी नुसते हपापले होते. माल बाजारात येण्याआधी थेट गावातूनच उचलायचा, असा जो तो बेत करी. पण कापूस कोणत्या गावात जास्त, हे कळावं कसं?

मला अक्कल सुचली. एक जुनं धुवट धोतर पसरलं आणि गाडीवानांना विचारून विचारून त्यावर नद्या, वाटा, गावं मांडली. वर रिद्धपूर, खाली नांदगाव खंडेश्वर, मावळतीकडे अकोल्याची वाट. मग रोज नाक्यावर बसायचं आणि कापसाच्या प्रत्येक गाडीला विचारायचं, कोणत्या गावची? घरी येऊन गाडीमागे एक सरकी त्या त्या गावावर ठेवायची. ढीग लहान असला तर त्या गावाला हळदीचा बोळा, मोठा असला तर शेंदराचा, आणि सगळ्यात मोठा असला तर गेरूचा. मारुतीचा शेंदूर धोतराला फासता म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही. मी कशाला ऐकतोय!

महिन्याभरात धोतर असं रंगलं, की अक्षर न येणाऱ्यालाही कापूस कुठं आहे ते दिसावं. आणि सगळ्यात दाट गेरू कुठं, तर माझ्या बहिणीच्या गावावर. ते गाव माळ्यांचं. वांगी, मिरच्या, झेंडू, शेवंती. बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे आमचा जवाई, गावच्या पाटलाचा ओढ्याकाठचा मळा बटाईनं करत. तिथल्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असे, आणि त्या पाण्यावरच त्यांचं घर चाले. माळ्यांच्या गावात इतका कापूस कसा, हे मला खटकायला हवं होतं. पण त्या साली कोण कापूस लावत नव्हतं? उलट बहिणीचं गाव पहिलं आलं म्हणून मलाच मूठभर मांस चढलं.

शेठ धोतर पाहून खूश झाला. अकोल्याच्या व्यापाऱ्यांना दाखवायला ते घेऊन गेला, आणि परत आला तो ठरवूनच आला. त्या गावात वखार घालायची, पाटलाकडून ओढ्याकाठची जागा घ्यायची, आणि अकोल्याच्या नव्या गादीवर मला नेमायचं.

त्याच आठवड्यात नाक्यावर त्या गावचा एक गाडीवान भेटला. औंदा तुमच्याकडं कापूस फार, असं मी सहज म्हटलं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"कापूस कुठचा? बैल आमचे, गाड्या आमच्या. माल दुसऱ्याच्या गावचा. आमी भाड्यानं वाहून राहिलो."

आमच्याकडे माणसाला गाव विचारलं, की तो आपलं गाव सांगतो. गाडीतल्या मालाचं गाव त्याला मी कधी विचारलंच नव्हतं. महिनाभर मी कापूस रंगवत होतो कुठे? बैल रंगवत होतो.

पाटलाशी कागद व्हायला अजून आठ दिवस होते. एकदा शेठसमोर जाऊन चुकलो म्हणायचं, एवढंच काम. मी रोज निघे, आणि शेठ चारचौघांत माझी पाठ थोपटी, की तोंडाला कुलूप. शेठला आपसूक कळेल, पाटीलच नाही म्हणेल, अशी मी स्वतःची समजूत घाली. लाज वाटते सांगायला, पण त्या आठ दिवसांत मी अकोल्याला जाण्यासाठी नवा अंगरखा शिवायला टाकला.

मळा गेला. वांग्यांची उभी झाडं उपटून जमीन चोपली, विहीर वखारीच्या कुंपणात गेली. बदल्यात पाटलानं बहिणीला माळावरची मुरमाड जमीन दिली. वखारीत कापूस काही आला नाही. गाड्या जिथून भरायच्या तिथूनच भरून परस्पर अमरावतीला जात राहिल्या. शेठ म्हणाला, गावच लबाड. मी मान हलवली.

अकोल्याला जाण्याआधी बहिणीकडे गेलो. दोघं माळावरचे दगड वेचत होती. वखार माझ्या धोतरावरून आली, हे गावात सगळ्यांना कळलं होतं. जवाईनं मला पाहून पाठ फिरवली. बहिणीनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुले मालूम होतं काय, आमच्या गावात कापूस नाई म्हणून?"

मी म्हणालो, "नाही."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती नवऱ्याकडे वळली. "म्या म्हटलं नव्हतं? त्याले मालूम असतं तं त्यानं हे होऊच देलं नसतं."

जवाईनं हातातला दगड खाली टाकला. मग माझ्यापुढे आला. आमच्यात बहिणीचा नवरा म्हणजे वयानं लहान असला तरी आपण त्याच्या पाया पडायचं. आणि तो मातीचे हात जोडून मला म्हणाला, "माफ करजा, भाऊ. म्या तुमच्यावर उगाच संशय घेतला."

आणि मी, बाप्पा, त्याला माफ केलं.