ठिपका नसलेली कॅसेट

गाणं लागलं की आमचे धाकटे भावोजी स्टूल फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. भांडुपच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात माणसं, आणि सगळ्यांकडे पाठ करून हा एक माणूस समोरच्या निळ्या चुन्याकडे बघतोय. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं रुसलेत. सासूबाईंना हळूच विचारलं, "ह्यांना काय झालंय?" त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "काय जावक नाय. गाणी आयकता तो."

एकदा मीच धीर करून विचारलं, "भावोजी, भिंतीत काय दिसतं हो तुम्हाला?" तर म्हणाले, "कायच नाय, म्हणान तर बसतंय. माणसांची तोंडां दिसली की कान बंद होतत, वयनी." चाळीने त्यांचं नाव भिंतभाऊ ठेवलं. पोरं तोंडावर म्हणायची, तेही ओ द्यायचे. तुमच्या चाळीत, बिल्डिंगीत असा कोणी असेलच. नसेल तर तुमचं नशीब थोडं कमी, असं म्हणेन मी.

आता ते ऐकायचे काय? सगळी चाळ सिनेमाची गाणी ऐकणारी, फार तर भजनं आणि डबलबारी. भावोजींचं सगळं इंग्रजी. आणि इंग्रजीतलंसुद्धा लग्नाच्या बँडवर वाजेल असलं नाही. कोणी पुटपुटतोय, कोणी बेंबीच्या देठापासून ओरडतोय, एखाद्याची गिटार गंजलेल्या बिजागरीसारखी करकरतेय. खारदांड्याचा भाल्या कोळी म्हणून त्यांचा आयटीआयमधला दोस्त होता, तो बोटीवर नोकरीला लागला. तो प्रत्येक फेरीला पिशवीभर कॅसेटी आणायचा. कुठल्या बंदरात कोणाकडून आणायचा देव जाणे. इथल्या दुकानात विचारलं तर दुकानदारांनी ती नावंसुद्धा ऐकलेली नसत.

मला ती नावं जिभेवर बसेनात, म्हणून भावोजींनी माझ्यासाठी एकेकाचं बारसं केलं. घसा बसलेला एक म्हातारा होता, तो खोकलेबाबा. ज्यांच्या गाण्यात एकच सूर टप टप पडत राहायचा ते गळका नळ. आणि माझी सगळ्यात लाडकी होती ती धुणंवाली. ती बाई गायची म्हणजे दगडावर धुणं आपटताना बाई स्वतःशी कशी बोलते ना, तशी. मध्येच दम खायची, मध्येच हसायची, मग परत सुरू. एक अक्षर कळत नव्हतं मला. सातवी शिकलेली बाई मी. पण नळावर कपडे धुताना मी अगदी अश्शीच बोलते हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पोळ्या लाटताना म्हणायची, "भावोजी, धुणंवाली लावा ना." ते खूश. म्हणायचे, "बघा, घरात एक तरी गिऱ्हाईक मिळालं!" आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "झालं. एक येडो होतो, आता दोन झाले."

कॅसेटवर नाव लिहायचे नाहीत. "नाव लिवलां की माणूस आयकाच्या आधीच ठरवता," म्हणायचे. मुलुंडला एका कारखान्यात रंगखात्यात होते, तिथून काडीला लावून रंग आणायचे आणि प्रत्येक कॅसेटवर एकेक ठिपका द्यायचे. लाल खोकलेबाबा, पिवळा गळका नळ, हिरवी धुणंवाली. आणि कॅसेटच्या पाठीला ती प्लास्टिकची पाकळी असते ना, ती मोडून टाकायचे. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही. मला दाखवून ठेवलेलं, "ह्या बघ वयनी. पाकळी मोडलेली दिसली की समजाचां, हय कोणतरी ऱ्हवता." मालवणीत मला तू म्हणायचे, शुद्ध बोलायला लागले की एकदम तुम्ही. माझं उलट, मी कायम तुम्हीच.

त्यांचा एक नियम मात्र कडक. कॅसेट शेवटपर्यंत ऐकायची. गाणी संपली, पट्टी नुसती खरखरतेय, तरी बटण दाबायचं नाही. ह्या लोकांची खोड अशी की सगळं संपल्यावर कोरी पट्टी सोडायची आणि अगदी टोकाला एखादं गाणं लपवून ठेवायचं. मी उठायला लागले की पाठ न वळवताच म्हणायचे, "थांब गो वयनी, शेवट रवलो हा." कितीदा नुसती खरखर ऐकलीय मी, कणकेचे हात तसेच धरून. पण एकदा खरंच निघालं. धुणंवालीच. नुसती गुणगुणत होती, वाजवणारे सगळे घरी गेल्यावर एकटी मागे राहिल्यासारखी. भावोजींनी वळून माझ्याकडे बघितलं. गाणं चालू असताना ते वळले, असं मी तेवढंच एकदा बघितलं.

मामंजी गिरणीत होते, हे सांगायचं राहिलं. संप झाला, गिरणी बंद पडली, पण त्यांच्या अंगातला भोंगा काही बंद पडला नाही. पहाटे उठायचे, दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि दाराशी उभे राहायचे. मी डबा भरून द्यायची. चपाती, भाजी, कांदा. तो घेऊन ते स्टेशनपलीकडच्या बागेत बसायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. गुडघे गेल्यावर तेही थांबलं, घरीच बसायला लागले. माझा हात मात्र महिना-दोन महिने सकाळी डबा भरतच राहिला. भरायचा आणि दुपारी त्यांच्यापुढे तोच उघडून ठेवायचा. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्यावर भावोजींनी गाणं केलं. स्वतः. भाल्याने बोटीवरून एक जुनी गिटार आणली होती, ती भावोजी आपले आपणच शिकले. भाल्या मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून तो बडवायचा. एका रविवारी आमच्याच खोलीत टेपरेकॉर्डर समोर ठेवून दोघांनी चार-पाच गाणी टेप केली. शेवटचं हे, मालवणीत. 'भोंगो वाजना नाय, तरी बापूस उठता', अशी सुरुवात. एवढी एक ओळ माझ्या कानावर पडली, कारण ते ती सारखी घोळवायचे. बाकीचं मी ऐकलंच नाही. पाणी यायची वेळ, पिंप भरायचं, आमटी उतू चाललेली. मी मध्येच काहीतरी ओरडलेसुद्धा.

त्या कॅसेटला ठिपका नव्हता. मी म्हटलं, "हिला रंग नाही दिलात?" तर लाजले. "आमचो खंयचो रंग, वयनी? तू ठेव. ह्या घरात वस्तू ऱ्हवतली तर तुझ्या कपाटात." मी ती माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवली.

पुढे पाच-सहा वर्षांनी आमचं महिला भजनी मंडळ मुलुंडच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं. पेटी वाजवणाऱ्या काकूंना अचानक गावाहून बोलावणं आलं, संध्याकाळची गाडी. स्पर्धेपर्यंत त्या परत येणार होत्या, पण सराव पेटीशिवाय कसा करायचा? कोणीतरी म्हणालं, टेप करून घेऊ. आठ बायका माझ्या खोलीत, काकूंचं अर्धं लक्ष घड्याळात, आणि घरात कोरी कॅसेट एक नाही. भावोजी कामावर. मी कपाट उघडलं, शालूखाली हात घातला.

आता इथे मला खरं लिहायला हवं. मी आजवर मनाशी म्हणत आले की मला ती कोरी वाटली, ठिपका नव्हता ना. पण मोडलेली पाकळी मी बघितली होती. बोटाने चाचपली होती. ती काय आहे हे मला आठवलं होतं. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "अगं आण ना लवकर, काकूंची गाडी चुकेल," आणि माझ्या मनात आलं, भिंतीकडे बघत गायलेलं ते गाणं, त्यापेक्षा देवाचं नाव वाईट का? शिवाय ते परत गातील की! मी चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि त्या खाचेवर लावला.

स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ नारळ मिळाला.

भाल्याची बोट लागली तेव्हा तो घरी आला, म्हणाला, "वहिनी, ती आमची कॅसेट द्या ना, कॉपी मारून आणतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "माळ्यावर गेली वाटतं. शोधते." झालं. तिथून ते 'शोधते' सुरू झालं. दर दिवाळीला साफसफाई निघाली की भावोजी विचारायचे, "गावली काय गो, वयनी?" आणि मी, "नाही हो, शोधते." एका वर्षी म्हणाले, "तू नको चढू, मीच बघतंय." स्टुलावर चढले आणि माळ्यावरचा एकेक डबा, ट्रंक, गणपतीचं मखर सगळं खाली काढलं. शिंकून शिंकून डोळे लाल. आणि मी खाली स्टूल धरून उभी. तेच ते गाणी ऐकायचं स्टूल. माझ्यामागे चार हातांवर कपाटात शालूखाली ती कॅसेट, वर चिकटपट्टी लावलेली. "सांभाळून हो," म्हणत होते मी त्यांना. "पडाल."

मग भाल्या गेला, बोटीवरच, हृदयाचा झटका येऊन. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही आठव्या मजल्यावर आलो. तेव्हा मला आयतं निमित्त मिळालं. म्हटलं, "शिफ्टिंगमध्ये गेली असेल हो, भावोजी." ते हसले. "जांवदे. एवढां घर गेलां, थय कॅसेट ती काय?" त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. नव्या घरात त्यांच्या खोलीला चार भिंती होत्या, पण म्हणायचे, "बसाक मजा नाय. पाठीमागे माणसां होयी."

गेल्या वर्षी यकृताचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात मी डबा घेऊन जायची. एका दुपारी डब्याकडे बघत होते, आणि बारीक आवाजात गायला लागले, 'भोंगो वाजना नाय...' पहिलं कडवं म्हणाले आणि अडले. परत पहिल्यापासून म्हणाले, परत तिथेच अडले. "दुसरां कडवां आठवना नाय, वयनी. डब्याचां कायतरी होतां त्यात. भाल्याक विचारूक व्हया होतां." मग उशीवर मान वळवून म्हणाले, "ती कॅसेट असती तर..."

सांगायची वेळ तीच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि मी काय म्हणाले? "शोधते." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाराव्या दिवशी ते गेले.

वर्षश्राद्ध झालं. सगळे पांगल्यावर मी शालू काढला. सरावापुरती वाजवली तेवढीच, स्पर्धेनंतरच्या तीस वर्षांत मी ती कॅसेट एकदाही लावली नव्हती. आपलंच भजन, पण ऐकायची छाती झाली नाही. घाटकोपरला एक जण अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो, त्याच्याकडून भावोजींचा टेप चालू करून आणला होता. आधी चुकून उलटी बाजू लागली. नुसती खरखर. अख्खी बाजू कोरी. म्हणजे त्या दिवशी मी कॅसेट नुसती उलटी घातली असती, तरी...

मग भजन लावलं. काकूंची पेटी, आठ बायकांचे आवाज, त्यातल्या पाच आता नाहीत. शेवटचा गजर झाला. कोणीतरी म्हणालं, "बास का गं?" आणि खट्. मी बंद करायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. नियम म्हणजे नियम.

गिटार. क्रेटवर भाल्याचा हात. आणि भावोजींचा आवाज, कोवळा, तिशीतला. गाणं मध्यापासूनच सुरू झालं, पहिलं कडवं आमच्या गजराखाली गेलेलं. दुसरं अख्खं शाबूत होतं:

'डबो नेवक कोण नाय, तरी वयनी भरता.'

पुढच्या तीन ओळीही होत्या. त्या मी इथे लिहीत नाही. त्या मी हॉस्पिटलात म्हणून दाखवायच्या होत्या. इतकी वर्षं त्या माझ्या कपाटात होत्या, मी बटण दाबायचा अवकाश होता.

गाणं संपत आलं तेवढ्यात टेपमधून एक बाई खेकसली, "भावोजी, पुरे करा ते आता! पाणी आलं!" माझाच आवाज. गिटार थांबली नाही. गाता गाता, हसत, ते म्हणाले, "थांब गो वयनी, शेवट रवलो हा."

मग पट्टी संपली आणि बटण आपोआप वर आलं. सून दारातून म्हणाली, "आई, भिंतीकडे तोंड करून काय बसलाय?"

मी म्हटलं, "काही नाही गं. ऐकतेय."