फाशांना वेळ कळत नाही

अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरची सुरक्षा तपासणाऱ्या तंजावरी बाई स्वतःचा पासवर्ड 'तायम' या सोंगट्यांच्या खेळाचे पितळी फासे टाकून ठरवतात. परवा त्यांनी नव्या सॉफ्टवेअरवर सही करायला नकार दिला. पासवर्ड बदलण्यासाठीचा गुप्त आकडा ते घड्याळातल्या वेळेवरून बनवत होतं.

"कोण ओळखणार तो आकडा, मॅडम?" मॅनेजर म्हणाले. "सही करा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं माणूस आणतो."

"तुमचाच आकडा मागवा, सार."

मॅनेजरांनी बटण दाबलं. बाईंनी ती वेळ लॅपटॉपवर टाकली, तिच्यातून निघालेले सहा अंक कागदावर लिहिले. मग मॅनेजरांचा फोन वाजला. मेसेज आणि कागद त्यांनी दोनदा ताडून पाहिले; सहाही अंक तेच होते.

बाईंनी फासे पुढे सरकवले. "यांस वेळ कळत नाही, सार."

सहीची जागा कोरीच राहिली.