ब्रेकवाला शिवानंद आणि चाकातलं तेल

शिरोली एमआयडीसीच्या फाट्यावर शिवानंदचं गॅरेज आहे आणि तिथं फक्त ब्रेकचं काम होतं. दुसरं काही घेऊन गेलात तर शिव्या खाऊन परत याल. पण स्वतः गाडी फिरवून बघितल्याशिवाय त्यानं तीस वर्षांत कुणाच्या हातात चावी दिलेली नाही, म्हणून लोक त्याच्या शिव्या मुकाट्यानं ऐकून घेतात.

परवा कोडोलीचे केरबा नातीबरोबर आले. गाडी नातच, क्रांती, चालवत होती. तिला पन्हाळ्याच्या शाळेत नोकरी लागलेली. सोमवारपासून रोज घाट चढायचा, उतरायचा. ब्रेक दाबला की डावं चाक किंचाळतंय, ही तिची तक्रार.

"आता न्हाय किंचाळत," केरबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "सकाळीच घालवला मी आवाज."

शिवानंदनं गाडी फिरवून आणली. ब्रेक मारला की ती उजवीकडं ओढत होती. त्यानं डावं चाक उघडलं आणि त्याचं टाळकंच सरकलं. डिस्क तेलकट, पॅड तेल पिऊन बसलेले.

"अज्जा, तेल सोडलंय व्हय ह्यात?"

"मग! बैलगाडीचा आक कुरकुरला, तेल. रहाट कुरकुरला, तेल. जल्मभर हेच केलंय की."

"आक फिरायला असतोय, ब्रेक थांबायला! पॅड घासला तरच गाडी थांबतीया. तेलावर काय थांबणार, कपाळ? पोरीला घाटातनं खाली ढकलायचं हुतं काय?"

केरबा मटकन स्टुलावर बसले. नातीकडं बघायचा त्यांना धीर होईना. आपण जरा जास्तच बोललो, असं शिवानंदलाही वाटलं. त्यानं चहा सांगितला आणि दोन खोकी पुढं ठेवली.

"हे मऊ पॅड. आवाज न्हाय, पर घाटात लई तापलं की पकड सोडत्यात. हे दुसरं धातूच्या चुऱ्याचं. किरकिरत्यात, डिस्क बी जरा लवकर झिजवत्यात, पर तापल्यावर बी धरून ठेवत्यात. सिरॅमिकचं शांत असत्यात, पर ह्या गाडीचं आज माझ्याकडं न्हाईत."

क्रांतीनं मऊ पॅडचं खोकं उचललं. शाळेच्या फाटकात गाडी किंचाळली तर पोरं हसतील, ही तिची धास्ती.

"ओरडणारं घाला," केरबा म्हणाले. "रोज सांजच्याला गल्लीच्या कोपऱ्यावर ओरडू दे. घरात बसून मला कळंल, माझी पोरगी घाट उतरून आली."

क्रांतीनं खोकं शिवानंदला परत दिलं.